फुलाचं बिरडं

आईने डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि आम्ही दोघीही मागे सरकलो. वाल होते, पण त्यांच्यापेक्षा भुंगे जास्त होते. काही भुंगे तर तुरुंगातून सुटल्यासारखे ऐटीत कागदाच्या कडेकडे चालायला लागले.

"पेणहून आणले होते," आई म्हणाली. "विमानात मांडीवर घेऊन बसले होते मी यांना."

"पाखडून, निवडून बघूया का?"

तिने एक दाणा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. आरपार भोक. दुसऱ्यालाही भोक. तिसरा तिने न बघताच टाकून दिला आणि पदराने कपाळ पुसलं.

"शुक्रवारी दिघे येणार," ती म्हणाली. "आणि मी त्या बाईंना फोनवर काय सांगून बसलेय ते तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. तो फोन झाला तेव्हा मी शेजारीच उभी होते.

हे सगळं घडलं कैरोत, पंच्याऐंशी साली. बाबा तिथे एका खतकारखान्याच्या बांधकामावर इंजिनिअर होते, आणि मी बी.एस्सी. झाल्यावर वर्षभर आईबाबांकडे राहायला गेले होते. कैरोत तेव्हा मराठी घरं अगदी थोडी, आणि त्यातलं सीकेपी घर आपलं एकच, अशी आईची समजूत होती. मग सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला तिला निरंजन दिघे भेटला. ठाण्याचा, एका पुलाच्या कामावर आलेला, आणि लग्नाचा. आईच्या डोळ्यांत त्या वेळी जे काही चमकलं, ते मला हॉलच्या दुसऱ्या टोकावरून दिसलं.

मला तो मुळीच आवडला नव्हता. झेंडावंदनानंतर खाणं होतं, बायकांनी आपापल्या घरून करून आणलेलं. हा पठ्ठ्या प्रत्येक ताटापाशी थांबून विचारत होता, "हे कशाचं? पीठ कसलं आहे यात?" वड्यांपाशी तर त्याने चौकशी इतकी लांबवली की मागे रांग लागली. एवढं करून शेवटी खाल्लं काय, तर एक केळं आणि बटर लावलेला पाव. घरी आल्यावर मी बाबांना म्हटलं, "पुलाचा इंजिनिअर कसला, अन्नभेसळ खात्यातला असेल."

मार्चमध्ये त्याची आई ठाण्याहून मुलाकडे राहायला आली. आईने तिचा नंबर मिळवला. मुलगी बघायला या, असं कोणी म्हटलं नाही. नुसतं जेवायला या, म्हटलं. त्यावर दिघेकाकू फोनवर म्हणाल्या होत्या, "इथे सगळं छान आहे हो, पण बिरड्याची फार आठवण येते." आणि आईने मधे श्वासही न घेता उत्तर दिलं होतं, "अहो, मग काय. माझ्याकडे पेणचे कडवे वाल आहेत."

आता ते वाल वर्तमानपत्रावर चालत होते.

संध्याकाळी बाबांनी तोडगा सुचवला. "कोंबडी कर."

"कोंबडी कोणीही घालेल," आई म्हणाली. "मी बिरडं सांगितलंय."

"मग त्यांना सांग, वालात भुंगे झाले. माणसं आहेत, समजून घेतील."

"वा. म्हणजे त्यांनी ठाण्याला जाऊन सांगायचं, टिपणीसांकडे भुंगे आहेत."

बाबांनी पेपर वर घेतला आणि ते त्याच्यामागे गेले.

कल्पना माझी होती. आमच्या समोरच्या दारात उम्म सामी राहायची. उम्म सामी म्हणजे सामीची आई. तिचं खरं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या स्वयंपाकघरात एका परातीत ओल्या फडक्याखाली नेहमी काहीतरी झाकलेलं असायचं, ते मी पाहिलं होतं. तपकिरी, चपटे, वालाच्या थोरल्या भावासारखे दाणे, आणि प्रत्येकाला इवलासा मोड. तिकडे त्या दाण्यांना फूल म्हणतात. सगळं शहर सकाळी तेच खातं. गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर गळ्यापर्यंत भरलेला एक मोठा घडा असतो, त्यातून पळीने काढून, तेल-जिरं घालून, पावाबरोबर.

"ते गाडीवरचं?" आईने नाक मुरडलं.

"गाडीवर शिजवलेलं असतं. हिच्याकडे मोड आणलेले आहेत. चल तर खरी बघायला."

उम्म सामीने फडकं बाजूला केलं. आईने एक दाणा उचलला, नखाने साल काढली, आतली डाळिंबी उलटीपालटी करून पाहिली आणि दातांखाली धरली. उम्म सामी अरबीत काहीतरी भराभर सांगत होती, त्यातलं आईला बाजारापुरतं कळायचं. आई मराठीत उत्तर देत होती, त्यातलं उम्म सामीला काहीच कळायचं नाही. दोघींचं उत्तम जमायचं. घरी परतलो तेव्हा आईच्या ओच्यात किलोभर कोरडे फूल होते, लहान दाण्याचे, निवडून दिलेले.

"म्हणजे शुक्रवारी आपण पाहुण्यांना फुलं खायला घालणार," बाबा म्हणाले. "स्वागताच्या दृष्टीने बरं आहे."

आईने त्यांच्याकडे बघितलं आणि ते पुन्हा पेपरमागे गेले.

फूल भिजले, फडक्यात बांधले गेले, मोडही व्यवस्थित आले. सोलायला मात्र आम्हा दोघींना अख्खी दुपार लागली. वालाचं कसं असतं, कोमट पाण्यात टाकले की चिमटीत धरून दाबायचं, डाळिंबी टुणकन बाहेर. फुलाची साल म्हणजे रेनकोट. नखाने टोक फोडा, मग ओढा, मग दाणा हातातून सुटून ओट्याखाली. आम्ही खाली बसलो, मध्ये परात घेतली आणि सोलत राहिलो. आई खुशीत होती. पेणच्या घरी श्रावणात बायका अशाच गोल करून बसायच्या, आणि तिच्या एका आत्याने सोलता सोलता कुणाकुणाची लग्नं जमवली होती, ते सांगत होती.

"विचारलं तर काय सांगायचं?" मी मध्येच म्हटलं.

"कोण विचारतंय?"

"तो विचारेल. तो सगळं विचारतो."

"म्हणायचं, बिरडं आहे."

"कशाचं?"

"बिरडं कशाचं असतं?" आई म्हणाली. "मी काही खोटं बोलणार नाही. मी नुसतं बिरडं म्हणणार. त्यांनी जे समजायचं ते समजावं."

"आणि वाल कडवे असतात. हे गोडसर आहेत."

त्याचाही तिने विचार करून ठेवला होता. फोडणीत मेथीचे चार दाणे जास्त. तसं तिने केलं. कांदा, लसूण, हिंग, तिचा घरचा मसाला, सुकं खोबरं भिजवून वाटलेलं, दोन आमसुलं, गुळाचा खडा. झाकणावर पाणी ठेवून शिजवलं. वाफेचा वास पेणचाच आला. बाबांना चमच्यात घेऊन दिलं.

"वाल," बाबा म्हणाले.

"खरं सांगा."

"जरा पिठूळ आहेत. पण कैरोच्या पाण्यात वालही पिठूळ झाले असते."

आईला तेवढं पुरे होतं.

शुक्रवारी दुपारी दिघे मायलेक आले. दिघेकाकू ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला मोकळ्या. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने मान करून वास घेतला आणि "अहाहा" म्हणाल्या. आईचे खांदे सैल झाले. निरंजन नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि माझ्याकडे बघायचं की नाही, हे ठरलं नसल्यामुळे आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

जेवायला बसलो ते असे: टेबलाच्या एका बाजूला आई आणि तिच्या उजव्या हाताला निरंजन, समोरच्या बाजूला दिघेकाकू आणि बाबा. त्यांच्या मागे काचेचं कपाट. स्वयंपाकघराचं दार आईच्या पाठीशी, आणि मी तिथून गरम पोळ्या आणून वाढत होते. मुलीने वाढलेलं दिसावं, अशी योजना.

दिघेकाकूंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. सगळे थांबले.

"पेणचे ना?" डोळे न उघडताच त्या म्हणाल्या.

आईने तयार ठेवलेलं उत्तर होतं 'बिरडं आहे'. पण समोर कोणी डोळे मिटून बसलं की माणूस वाहवतो. "हो," आई म्हणाली. "माझ्या भावाच्या शेतातले."

मी पोळी वाढता वाढता बाबांकडे पाहिलं. बाबा लोणच्याकडे पाहत होते.

"वालच ना हे?" निरंजनने विचारलं. मला वाटलंच होतं.

"वालच," आई म्हणाली. "घ्या ना. तुमची आई बघा कशी जेवतेय."

त्याने वाटी भातावर ओतली आणि कालवायला सुरुवात केली. मी आत जाऊन तव्यावर पोळी टाकली. बाहेर बाबा पुलाच्या खांबांबद्दल काही विचारत होते, काकू मसाल्याची चौकशी करत होत्या. सगळं सुरळीत चाललं होतं. मला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला. कशाचा, ते कळलं नाही.

पोळी घेऊन दारात आले तेव्हा निरंजन बोलत होता. भात कालवून त्याने घास तयार केला होता, पण उचलला नव्हता.

"...आई नको म्हणालीय सांगायला," तो म्हणत होता, "पण तुमच्या घरी आज ज्या कारणासाठी आलोय, ते बघता तुम्हाला माहीत असलेलं बरं."

"निरंजन, जेवताना काय रे," दिघेकाकू म्हणाल्या.

"दोन मिनिटांचं काम आहे, आई." तो बाबांकडे वळला. "मला कॉलेजात असताना मलेरिया झाला होता. त्याच्या गोळ्या दिल्या आणि चार दिवसांत मी पिवळा पडलो. लघवी कोका-कोलासारखी काळी. रक्त चढवायला लागलं. मग कळलं की माझ्या रक्तात एक एन्झाइम जन्मापासून कमी आहे. एरवी काही होत नाही. मी ठणठणीत आहे. फक्त काही औषधं चालत नाहीत, आणि खाण्यातली एकच गोष्ट."

"कुठली?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज मला जरा निराळा वाटला.

"बाकला म्हणून एक कडधान्य असतं. डॉक्टर म्हणाले, एखाद्या वेळी वाटीभर खाल्लं तरी रक्ताची वाट लागू शकते. आम्ही हसलो होतो. ठाण्यात बाकला कोण खातं? आणि मग नोकरी लागली ती नेमकी इथे." तो स्वतःशीच हसला. "इथे त्याला फूल म्हणतात. दिवस उगवल्यापासून सगळं गाव तेच खातं. वड्यांतसुद्धा तेच वाटून घालतात. म्हणून मी सगळीकडे विचारत फिरतो. लोकांना वाटतं, काय आगाऊ माणूस आहे."

असं म्हणून त्याने घास उचलला.

"खाऊ नका," मी म्हणाले.

माझा आवाज हवा होता त्यापेक्षा पुष्कळ मोठा आला असावा. समोरचे दोघं दचकून माझ्याकडे बघायला लागले.

"हे वाल नाहीत," मी म्हणाले. "फूल आहेत. आमच्या वालात भुंगे झाले होते."

निरंजनचा हात ताटात होता. त्याने तो हळूच बाजूला घेतला. आई माझ्याकडे पाठ करून बसली होती, ती तशीच बसून राहिली. मानसुद्धा वळवली नाही तिने.

"तोंडात गेला का काही?" दिघेकाकूंनी विचारलं.

"नाही, आई."

"जीभ दाखव."

"आई, अगं—"

"दाखव म्हणते ना."

नाईलवर पूल बांधणाऱ्या माणसाने भर टेबलावर जीभ काढून दाखवली. काकूंनी टेबलावरून वाकून ती नीट तपासली. मग त्याला साबणाने हात धुवायला पिटाळलं. तो परत येऊन बसला.

"चूक माझी," आई म्हणाली. ती आपल्या ताटाशी बोलत होती. "मी आधीच सांगायला हवं होतं."

"मीही," दिघेकाकू म्हणाल्या. "मीच त्याला म्हटलं होतं, पहिल्याच भेटीत आजारपण कशाला काढायचं. मुलीकडचे बिचकतात." मग त्यांनी निरंजनचं ताट बाजूला सारलं आणि बिरड्याचं पातेलं आपल्याकडे ओढलं. "झालं ते झालं. हे काही मी टाकून देऊ देणार नाही."

"आई, तू पण नको खाऊ," निरंजन म्हणाला. "हे आईकडूनच येतं. तुझी तपासणी केलेली नाही आपण."

"मला काही होत नाही."

"कशावरून?"

दिघेकाकूंनी वाटी भरून घेतली. पोळीचा तुकडा मोडला. मग मुलाकडे न बघता म्हणाल्या, "तू कामावर गेलास की मी खालच्या गाडीवरून रोज एक पाव आणते. आल्यापासून खातेय. तू येण्याआधी भांडी घासून, ओटा पुसून ठेवते."

निरंजनने पातेलं त्यांच्यापासून लांब सरकवलं.

"म्हणूनच मघापासून कुठेतरी ओळखीचं लागत होतं," काकू म्हणाल्या आणि घास तोंडात घातला.

पहिले बाबा हसले. त्यांच्या हसण्याला धरबंध नसतो. मग निरंजन हसला. मला तो हसताना पहिल्यांदाच दिसला आणि मी नको तितका वेळ बघत राहिले. काकूही हसल्या. आई तेवढी उठून आत गेली. तिने नवं ताट काढलं, दोन अंड्यांचं ऑम्लेट केलं, गरम पोळी, तूप, गूळ वाढून आणलं आणि निरंजनच्या पुढ्यात ठेवलं. या वेळी त्याने काही विचारलं नाही.

निघताना काकूंनी उरलेलं बिरडं डब्यात मागून घेतलं. "याला हात लावू देणार नाही," असं आईला दारात सांगितलं. आईने मान डोलावली. लिफ्ट खाली गेली आणि आईने माझ्याशी बोलणं बंद केलं.

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती नुसती माझ्याशी बोलायची नाही. "अहो, तुमच्या लेकीला विचारा, चहा घेणार का," असं मी समोर बसलेली असताना बाबांना म्हणायची. बाबा मला विचारायचे. मी त्यांना उत्तर द्यायचे. बाबा ते तिला सांगायचे आणि वर म्हणायचे, "ट्रंक कॉल संपला."

मला वाटायचं, रागावण्यासारखं मी काय केलं? एका माणसाचा जीव वाचवला. तिची अब्रू गेली, पण तिनेच ती पणाला लावली होती. मनातल्या मनात मी स्वतःला पुष्कळ शाबासकी देत होते. आणि तिच्याबद्दल एक वाईट विचार माझ्या डोक्यात घर करून बसला होता. तो मी कोणाला बोलून दाखवला नाही. मी ओरडले नसते तर आई गप्प बसली असती, हा तो विचार.

सोमवारी दार वाजलं. निरंजन होता. हातात आमचा स्टीलचा डबा, घासूनपुसून लख्ख.

"काकू आहेत?"

"भाजी आणायला गेल्यात. बसा ना."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. मी पाणी आणलं. ते त्याने न विचारता प्यायलं.

"आईने सांगितलंय, बिरडं उत्तम होतं," तो म्हणाला. "आणि आता ती माझ्यासमोरच खाली जाऊन फूल खाते. वर येऊन चूळ भरते आणि मला तोंड दाखवते." त्याने डबा टेबलावर ठेवला. "मी खरं म्हणजे काकूंचे आभार मानायला आलो होतो."

"कुणाचे?"

"तुमच्या आईचे."

"ओरडले तर मी," मी म्हणाले. मला हसू आलं होतं. "तिने तर तुम्हाला वाल म्हणून वाढले."

"हो, ते आहेच. तुमचेही मानतो." तो गोंधळला. "पण तुम्ही बोलायच्या आधी त्यांनी माझा हात धरला होता."

मी त्याच्या हातांकडे बघितलं.

"तुम्हाला दिसलं नसेल. समोरच्यांनाही नाही, मध्ये पातेलं होतं. मी घास उचलला आणि त्यांनी माझं मनगट पकडून खाली दाबलं. ताटात. इतकं जोरात की हे बघा." त्याने शर्टाची बाही मागे सारली. मनगटाच्या आतल्या बाजूला बांगडीच्या कडेचा निळसर वळ होता, अर्धगोल. "मी त्यांच्याकडे बघितलं. त्या काहीतरी सांगणार होत्या, ओठ हलत होते त्यांचे, पण आवाज फुटत नव्हता. तेवढ्यात मागून तुम्ही बोललात आणि त्यांनी हात सोडला."

हा माणूस पुढे माझा नवरा झाला. आमचं कसं जमलं ते त्याला कोणी विचारलं, की 'हिने मला जिवानिशी वाचवलं' असं सांगून तो टाळ्या घेतो, आणि मी प्रत्येक वेळी दुरुस्ती करते. पण त्या दिवशी मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो गेल्यावर मी डबा हातात घेऊन तशीच बसून राहिले.

आई आली. पिशवी ओट्यावर ठेवली, चपला काढल्या, डबा बघितला.

"अहो," तिने हाक मारली, आणि मग तिच्या लक्षात आलं की बाबा घरी नाहीत.

"निरंजन आला होता," मी म्हणाले. "त्याने हात दाखवला."

तिने पिशवीतून कोबी काढला, नळाखाली धरला. पाणी वाहत राहिलं.

"मला सांगितलं का नाहीस?" मी म्हणाले.

"काय सांगायचं?"

"की तू त्याला थांबवलंस."

"असं सांगायचं असतं होय?" तिने नळ बंद केला. "मुली, मी अमक्याच्या पोराला मरू दिलं नाही बरं का, असं?"

तिने विळी घेतली, खाली बसली आणि कोबी चिरायला लागली. नेहमीपेक्षा बारीक.

"तू ओरडलीस त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "ओरडायलाच हवं होतं. माझ्या तर तोंडातून शब्द निघत नव्हता. पण ओरडलीस तेव्हा तुझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. माझ्याकडे होतं."

"तुझी पाठ होती माझ्याकडे."

"समोर कपाट आहे, वैजू. काचेत दिसत होतीस. मी जाणूनबुजून त्याला विष वाढलं असावं, असं बघत होतीस तू."

तेव्हा काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण गेले काही दिवस ती गोष्ट माझ्या इतकी ओठांवर होती की तीच बाहेर पडली.

"मला वाटलं, तू गप्प बसशील."

विळी थांबली. ती आता रडेल किंवा उठून जाईल, असं मला वाटलं. तिने तसं काही केलं नाही. हातातला कोबीचा गड्डा तिने खाली ठेवला.

"मलाही क्षणभर तसंच वाटलं," ती म्हणाली. "ती बाई डोळे मिटून जेवत होती. म्हटलं, एक घासच तर आहे." मग तिने आपला उजवा हात उलटा करून त्याच्याकडे जरा नवलाने बघितलं. "हा आधी गेला."

मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले. तिने चिरलेला कोबी माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, नुसती बसू नकोस, धू. आणि मग दिघेबाईंना फोन लावून दे. येत्या शुक्रवारी त्यांना कोंबडी घालायची आहे.